सलोमीबाईंची साक्ष

"आता सलोमीबाई साक्ष देतील," पाळकसाहेब म्हणाले,
आणि मी उभी राहिले.
पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले,
आधी तेच वेचत राहिले.

माझ्या अगोदर मोझेसभाऊ बोलून बसलेले:
धाकट्याला दुबईचा व्हिसा मिळाला.
मग शुलमिथचा मुतखडा, न कापता विरघळलेला.
मग रणपिसे, जुळे सोलापुरात फ्लॅट,
तिसरा मजला, लिफ्टसकट.
प्रत्येकाला मी आमेन म्हटलं.
लिफ्टपर्यंत येता येता आवाज जरा बारीक झाला,
ते प्रभूला ठाऊक आहे, तुम्हालाही असू दे.

माझ्याकडे काय?
मी टॉवेलांना दुमड घालते.
अशोक चौकातून सायकलीवर गठ्ठा येतो.
दिवसाला अकरा डझन, वीज असली तर.
पांढरेशुभ्र. कुठल्या हॉटेलात जातात,
कोण त्यांनी तोंड पुसतं, मला कोणी सांगत नाही.
एखाद्याचा फासा निसटला की तो सेकंड.
सेकंडचे पैसे कापतात, टॉवेल मात्र माझा.
आमच्या घरात कोरडं होतं ते सगळं
सेकंडनंच होतं.

हे तीस वर्षं माग चालवत राहिले
आणि मी मागत राहिले.
मशीनला मोटार मागितली.
ह्यांचे कान मागितले,
त्या खडखडाटात कुठंतरी पडून राहिलेले.
मोटार मिळाली. कान नाही.
मोटारीचा आनंद, खोटं कशाला बोलू,
नाताळपर्यंत पुरला.

मग त्या उन्हाळ्यात शेजारची नरसव्वा पडली.
बेचाळीस वर्षं विड्या वळलेली बाई,
बोटं अजून झोपेत पान गुंडाळतात.
सून सकाळीच कामावर.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही पहाटे तीनला.
आंघोळ कुठली? म्हटलं, निदान पाय धुऊन देते.
पातेलंभर कोमट पाणी, खांद्यावर सेकंडचा टॉवेल.
टाचेच्या भेगांत जुनी तंबाखू,
बोटांच्या फटीत अख्खा एप्रिल.
ती ओरडायची, "मेल्लगा! मेल्लगा!"
हळू, हळू.
तेलुगू मला तेवढंच येतं. पुरतं.

तिथं फरशीवर गुडघे टेकलेले असताना
योहानाचा तेरावा अध्याय आठवला,
असं म्हणायला हवं. साक्षीत तसंच म्हणतात.
पण काहीच आठवलं नाही.
एवढंच लक्षात आलं की पाऊण तास झाला,
मी काही मागितलेलं नाही.

अध्याय आठवला रात्री, भांडी घासताना.
शास्त्रात म्हटलंय, प्रभूनं कमरेला रुमाल बांधला.
रुमालानं बारा जणांचे पाय पुसून होतात का?
टॉवेलच असणार.
मग वाटलं, त्याची दुमड कोणी घातली असेल?
त्या बाईला कळलं असेल का,
आपला कुठं गेला?
आणि मी एकटीच मोरीत बसून हसले,
ह्यांना ऐकू आलं नाही.

हे सगळं सभेत सांगायचं होतं.
तोंडातून निघालं एवढंच:
"प्रभूनं पुष्कळ दिलंय. कान तेवढे राहिलेत."
लोक हसले. पाळकसाहेबांनी पेटी ओढली.

गीत सुरू झालं, आणि हे माझ्या शेजारी
नेहमीसारखे एक ओळ मागं.
पेटी थांबली. टाळ्या थांबल्या.
मंडळी खाली बसली
आणि ह्यांचं कडवं अजून चालूच,
डोळे मिटून, बेसूर, एकही शब्द न गाळता.

पूर्वी मी कोपर मारायचे.
काल नाही मारलं.
मोझेसभाऊ, शुलमिथ, रणपिसे,
शेंगाचटणीचा डबा उघडायला वाकलेली घरची बाई,
सगळे तसेच थांबले होते,
ह्यांची ओळ संपेपर्यंत
आमेन तोंडात धरून.