शनिवारचा अर्धा अंश

लाहदेनकोर्वाच्या बागेखाली, खडकात,
चाळीस मीटर खोल
राइली कुओसमानेन रात्रपाळीला बसते.
वर उणे बावीस. बाकांवर बर्फ बसलेला, माणसं नाहीत.
खाली तिच्या पुढ्यातून गावाचं सांडपाणी वाहतं,
गाळलेलं, निवळलेलं,
तरी सांडपाणीच.

अकरा अंश.
हाताला गारच लागेल,
पण अजून सात अंश निघतात त्यातून.
घराएवढाले पंप ते पिळून घेतात,
चोथ्यातून दुसऱ्यांदा नारळाचं दूध काढावं तसे,
आणि वाफाळतं पाणी करून परत धाडतात गावात,
खिडकी-खिडकीखालच्या लोखंडी फण्यांत.

फुकट नाही हं.
एक वाटा वीज घालावी, तेव्हा तीन वाटे ऊब.
शाळेची सहल आली की राइली हे आधी सांगते.
मग एखादं पोर नाक दाबून विचारतंच,
म्हणजे आमच्या घरात... तेच?
तेच नाही, ती म्हणते.
त्याची नुसती ऊब.

(माझ्या भाषेत मी म्हटलं असतं:
ताट उष्टं होतं, पेला उष्टा होतो,
ऊब उष्टी होत नाही.
पण तिच्या भाषेत उष्ट्याला शब्दच नाही म्हणे.
किती हलकं वाटत असेल
त्या भाषेत जेवताना.)

शनिवारी सगळं गाव सौना तापवतं.
दगडांवर पाणी, पाण्याची वाफ,
मग अंगावर बादल्याच्या बादल्या.
ते सगळं नळांतून उतरत, रेंगाळत
पावणेअकराला राइलीपाशी पोचतं
आणि पडद्यावरचा आकडा अर्ध्या अंशाने चढतो.
अर्धाच.
एकोणीस हजार माणसांची आंघोळ.

स्टेशनामागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, सेइया राहते.
बहीण.
सरोवराकाठच्या खोपटाच्या छपराचा खर्च,
त्यावरून अकरा वर्षं अबोला.
आता खोपटही विकून झालं,
आधी कोण बोलणार, एवढंच शिल्लक आहे.

सौना त्यांच्या तळघरात. ज्याची त्याची वेळ ठरलेली.
सेइयाची सर्वांत शेवटची, मागून घेतलेली.
लहानपणापासून तिला विझत आलेले दगडच आवडतात.
म्हणजे तिचं पाणी बाराच्या पुढे.
आलेख उतरायला लागतो,
उतरता उतरता जी एक बारीक शेपटी राहते
तिच्यात, दशांशाच्या कितव्या तरी घरात, सेइया असते.
मापकाला दोनच घरं दिसतात.
राइली तरी बघते.

जानेवारीतल्या एका शनिवारी शेपटी आखूड वाटली.
वाटली. एका बाईच्या बादल्यांनी
आलेख हलत नाही, हे सव्वीस वर्षं
या खुर्चीत बसलेल्या बाईला कोणी सांगायला नको.
तिने मापक तपासला. झडपा तपासल्या.
कॉफी केली, प्यायली नाही.
मग भिंतीवरचा फोन उचलला.
नंबर बोटांना पाठ होता, याचा तिला रागच आला.

हॅलो, असं कोणीच म्हटलं नाही.
सौनाला गेली नाहीस?
पंपांचा घुमघुमाट. मग पलीकडून,
गुडघा. पायऱ्या उतरवत नाहीत.
तुला कोणी सांगितलं?
कोणी नाही.
बराच वेळ दोघी तारेची दोन टोकं धरून.
घरात गरम आहे ना?
आहे की. भट्टीच आहे.
खिडकी उघडी टाकूनच झोपते मी.

आणि राइली, जी सव्वीस वर्षं
गावाच्या खरकट्या पाण्यातून अंश-अंश वेचत आली,
खडकात घुमेल अशी ओरडली,
बंद कर आधी ती खिडकी!