रिकामा शिंपलाही

मार्चच्या पुरात पुलाचा तिसरा खांब खचला.
मी व्हर्लिन स्ट्राउड, काउंटीचा रस्तेवाला,
बत्तीस वर्षं खडी, डांबर, बर्फावर टाकायचं मीठ.
म्हटलं, उन्हाळ्यात खांब बदलू,
सोयाबीन कापायच्या आत ट्रक पलीकडे जातील.

मग राजधानीतून पत्र आलं.
पत्राला जोडलेली यादी, यादीत शिंपल्यांची नावं,
आणि एका नावापुढे पेन्सिलीची फुली:
तुमच्या पुलाखाली.

सभेत मी बोललो. इतिवृत्तात आहे ते.
"शिंपल्याला मत नाही. शेतकऱ्याला आहे."
लोक हसले, टाळ्याही पडल्या.
राज्याकडून आलेली बाई, ओडेसा फिंच, हसली नाही.
चष्मा पुसला आणि कलम वाचलं.
'घेणे' या शब्दाचा कायद्यातला अर्थ:
मारणे, पकडणे, छळणे, जागचं हलवणे,
विकणे, जवळ बाळगणे,
जिवंत असो की मेलेला,
रिकामा शिंपलाही.

रिकामा शिंपलाही?
कुणीतरी विचारलं.
बहुतेक मीच.

जुलैत पाणी गुडघ्यावर आलं.
ती आणि तिची दोन पोरं नदीत पालथी पडून,
तोंडात नळी, हातांनी तळ चाचपत,
वीज गेल्यावर काडेपेटी शोधावी तशी.
माझं काम काठावर उभं राहून घड्याळ बघायचं.
तिसऱ्या दिवशी ती म्हणाली,
"तिथे उभं राहून नदी काही लवकर आटणार नाही. या."

बुटांत पाणी शिरलं.
तिने माझा हात धरून तळाशी नेला,
"उचलायचं नाही. नुसतं बघा."
बटाट्याएवढी, काळपट, गाळात अर्धी रुतलेली,
आणि फटीतून बाहेर मांसाचा एक पदर
छोट्या माशासारखा हलत होता:
डोळा, शेपटी, सगळं खोटं.
मोठा मासा फसतो, चावायला येतो,
ही त्याच्या तोंडावर पिल्लं फुंकते.
ती कल्ल्यांना धरून हिंडतात आठवडेच्या आठवडे,
तिकीट न काढता.
"सहा मैल खाली राज्याची हद्द," ओडेसा म्हणाली,
"तिकडच्या यादीत ही नाही.
माशाने कुठे वळायचं, ते त्याला कोण सांगणार?"

पाठीवरच्या वळ्या तिने नखाने मोजल्या.
एकेचाळीस.
माझ्या लग्नाआधीपासून ही इथेच,
मी वरून रोज ट्रक नेत होतो.

आजोबा बटणं कापायचा.
प्लास्टिक यायच्या आधी गावात कारखाना होता,
गोल करवत, वरून पाण्याची धार,
उजव्या हाताच्या दोन बोटांना शेंडे नव्हते त्याच्या.
भोकं पडलेले शिंपले आमच्या गल्लीत खडी म्हणून अंथरलेले,
पावसानंतर चकाकायचे.
तो सांगायचा, नदीत इतके होते
की अनवाणी उतरायची सोय नव्हती.
आम्ही डोळे मिचकावायचो:
म्हातारा फेकतोय.

सगळे मिळून चौदा सापडले.
पाठीवर नंबर चिकटवून त्यांना वरच्या वळणावर नेऊन ठेवलं,
त्याला वेगळा परवाना, परवान्याला सात आठवडे.
पूल झाला नोव्हेंबरात.
लेलँड ऑकरमनने सबंध हंगाम एकोणीस मैलांचा वळसा घातला,
दुकानात भेटला तर अजून तो माझ्याकडे पाठ करून उभा राहतो.
त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

माझ्या टेबलाच्या खणात आजोबाचा एक शिंपला आहे.
डोळ्याला लावला की सात गोल खिडक्या.
कायद्याच्या कितीतरी आधीचा, पण तसा कागद कुठून आणू?
शेवटी फोन केला ओडेसाला.
ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली,
"भोकं किती?"
"सात."
"म्हणजे एका सदऱ्याची झाली."
मागे कागद सरकल्याचा आवाज आला.
तिने लिहून घेतलं की नाही,
फोनवर कळलं नाही.