यांच्याऐवजी

साहेबांनी मसुद्यावर लाल शाईनं गोल केला :
‘च्या’ आणि ‘ऐवजी’ यांत अंतर नको,
शब्दयोगी आहे, जोडून लिहा.

जोडून लिहिलं.
कै. सुदाम रावबा ओव्हाळ, सफाई कामगार,
हजेरी चौकी खेतवाडी, यांच्याऐवजी
त्यांची मुलगी रोहिणी, हिला
इथून पुढं सगळं छापील असतं.

ग्रँट रोडच्या या कार्यालयात
एकाच्या खुर्चीत दुसरा बसवायला शब्द पुष्कळ.
‘जागी’ आहे,
पण त्यात कुणीतरी झोपेतून उठल्यासारखं वाटतं.
‘बदली’ म्हटलं की माणसं घाबरतात,
मुलुंडला धाडतील म्हणून.
‘स्थानापन्न’ वरच्या मजल्यावर चालतो,
झाडूवाला स्थानापन्न झालेला
मी तरी पाहिला नाही.
मी स्वतः ‘प्रभारी’, सात वर्षं.
माझ्या खणात अजून पेडणेकरबाईंचा कंगवा आहे
आणि कापराची अर्धी वडी.

उरतो ‘ऐवजी’.
अरबीतून फारसीत, फारसीतून दप्तरात आलेला,
येताना सख्ख्या भावाला घेऊन आला : ऐवज.
पोलीस ज्याच्यापुढं ‘लंपास’ लावतात, तो.
सोनंनाणं, घड्याळ,
घरात मोलाचं जे काही असेल ते.

ओव्हाळांचा जमा ऐवज, यादीप्रमाणे :
खाकी गणवेश दोन, पैकी एकाचं कोपर विरलेलं.
गमबूट एक जोड.
ओळखपत्र एक, फोटो घामानं पांढरा.
हातमोजे, दिल्याची नोंद आहे,
मिळाल्याची सही नाही.

मंगळवारी मुलगी सहीला आली.
बी.कॉम. झालेली, कागद शेवटपर्यंत वाचणारी.
म्हणाली, ऐवजी म्हणजे
ते गेले असं, की मी आले असं?

मी म्हटलं, दोन्ही.
आणि सवयीनं सांगत सुटलो,
हा शब्द एकटा उभा राहत नाही,
त्याला आधी एक नाव लागतं,
आणि ज्याच्याऐवजी कुणी येणार
ते नाव आधी वाकतं.
घोडा असेल तर घोड्या होतो,
बाप असेल तर बापा.
सामान्यरूप म्हणतात त्याला.

‘कमरेतून?’ तिनं विचारलं.

मी स्टॅम्पपॅड शोधू लागलो.
ते समोरच होतं.

पुढचं मुकादमानं सांगितलेलं.
पहिल्या दिवशी, सकाळी साडेसहाला,
हजेरीपट जुनाच होता.
त्यानं सवयीनं हाक दिली, ओव्हाळ सुदाम.
चौकीत कुणी हललं नाही.
नळाखाली बादली भरत होती, ती भरून वाहिली.
मग मागून, बारीक आवाजात : हजर.
आणि त्यानं, तोही माणूसच,
त्या नावापुढं खूण केली.

आता लेखा विभागाचं पत्र आलं आहे.
मृत कर्मचारी दिनांक तीन रोजी कामावर हजर दिसतो,
तीन दिवसांत खुलासा करावा.

आज दुसरा दिवस.
‘नजरचुकीने’ लिहितो, खोडतो.
‘अनवधानाने’ लिहितो, तेही खोडतो.
चहा गार झाला आहे.
कोऱ्या कागदावर नुसतं लिहून पाहतो,
बापाऐवजी,
मध्ये अंतर न सोडता.