रेकॉर्ड रूम

सिव्हिलच्या या खोलीत पंखा लावत नाही मी,
कागद उडतात.
सोलापूरचा एप्रिल; घाम डाव्या हातानं पुसायचा,
उजवा कोरडा ठेवायचा पानांसाठी.

काल अशोक चौकातला येलगुंडी आला.
चहा मागवला, तंबाखू मळली,
मग हळूच,
"त्या गाजुलच्या बालमणीची फाइल असेल ना?
विडी कारखान्यातली हो. मुलासाठी बघतोय."

आहे.
तिसरं कपाट, लाल दोरा.
सहा महिन्यांच्या गोळ्या, एकही चुकली नाही.
शेवटच्या पानावर 'बरी झाली',
सही डॉक्टरांची, शिक्का माझा.

"वाळवीनं खाल्ली," म्हणालो.

तो गेल्यावर गाठ सोडली,
आत डांबराची गोळी ठेवली,
पुन्हा आवळली.

चहाचे पैसे तेवढे
उद्या परत करायला हवेत.