वीस पावलं

कोर्टात मी हिंदी टाइप करते,
घरी येईस्तोवर बोटांतलं मराठीत उतरतं.
आज उतरलं नाही.

निसार मन्सूरी, वय एकसष्ट, धंदा पिंजारी,
राहणार जुनी इंदूर.
नीमचच्या बसमधून गंगवालला उतरला,
सोबत एक रजई, लाल छिटाची, सुतळीनं आवळलेली.
रुईच्या पोटात अफू, दोन किलो सातशे.
काटा आणला होता समोरच्या किराणा दुकानातून,
त्याच्या पारड्याला गुळाचा चिकटा होता,
असं पंच म्हणाला, आणि तेही मी टाइप केलं.

रजई त्याची नव्हे, हे कुणीच नाकारत नाही.
भाच्यानं दिली : मामू, आहेराची आहे, उघडू नका, नुसती पोचवा.
टपावर चढवली क्लीनरनं. खाली टाकली क्लीनरनं.
तिथून रिक्षापर्यंत वीस पावलं,
तेवढीच त्याच्या खांद्यावर.

कायदा इथे उलट्या बाजूनं चालतो.
ताबा दिसला की जाणीव होतीच असं धरायचं;
माहीत नव्हतं, हे आरोपीनं दाखवायचं.
नसलेली गोष्ट आणायची कुठून?
तिचा पंचनामा होत नाही,
तिच्यावर लाखेची मोहोर बसत नाही.
म्हणून म्हातारा स्वतःच स्वतःचा साक्षीदार झाला.

सरकारी वकील गोड बोलले.
चाचा, किती वर्षं रुई पिंजता?
अडतीस.
नुसती हातात घेऊन सांगाल, रजईत रुई किती?
तो हसला. अडतीस वर्षांत
या शहरात हे त्याला कुणी विचारलं नसावं.
छटाकभर फरक पडायचा नाही साहेब,
डोळे बांधा हवं तर.

त्याच्या वकिलानं डोळे मिटले.

मी टाइप केलं : छटाकभर फरक पडायचा नाही.
हसू कागदावर उमटत नाही.

मग जजसाहेबांनीच विचारलं, आवाज न चढवता :
त्या वीस पावलांत खांद्याला काय वाटलं?

पंखा. बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा.
त्यानं उजवा खांदा किंचित उचलला,
ओझं पुन्हा तोलून बघावं तसा,
आणि तो खाली घ्यायचा विसरला.
मी लिहिलं : साक्षीदार निरुत्तर.
दुसरा शब्द हिंदीत सुचला नाही. मराठीत तरी कुठला?
माहीत असतं, ठाऊक असतं, कळतं,
ते सगळं वर, जिभेजवळ.
जाणवतं ते खाली, कातडीच्या आतल्या अंगाला,
आणि माणूस त्याला समजावत चालतो :
रुई दमट असेल. आहेर आहे, जास्त भरली असेल.
भाचा आहे.
विसाव्या पावलाला रिक्षा येते.
एकविसाव्याला काय झालं असतं
ते कुठल्याच कलमात बसत नाही.

निकाल सतराला.

घरी आले. सोफ्यावर चिन्मयची सॅक,
रोज पडलेली असते, रोज मी खुंटीला लावते.
पट्ट्यात हात घालून उचलली.
सोफ्यापासून खुंटीपर्यंत किती पावलं,
आजवर मोजली नव्हती.
सहा.
परीक्षा तोंडावर आली आहे, पुस्तकं असतील.
अडकवली तशी खुंटी जराशी वाकली.
पहिल्यापासूनच वाकडी असावी.