दोन रेघा

इब्रामपूरच्या पंचायतीतून कागद आला:
'माजी सैनिक. युद्धावर का गेलात? थोडक्यात लिहा.'
खाली रेघा दोनच.

झिलूकाका बांबूच्या कांबी तासत होता
आठ बोटांनी. उरलेली दोन
एकाहत्तरच्या डिसेंबरात कुठल्याशा नदीकाठी,
जिचं नाव त्याला नीट सांगता येत नाही
आणि आम्हीही कधी नीट विचारलं नाही.

"बुटांसाठी गेलो, लिही."
मी लिहीत नाही.
"अरे, खरंच. भाटकाराच्या खळ्यावरून जाताना
आबा वहाणा काखेत मारायचा.
मला सरकारनं सात नंबरचे दिले, वर पॉलिशची डबी."

मग कांबीची धार अंगठ्यावर बघत,
"पगार होता, तेही घाल.
शेवंतीच्या लग्नाचे तांदूळ मनिऑर्डरीचे."

जत्रेला देवीला नवं सूप लागतं, आमच्याच हातचं.
पाणी शिंपडलं की ते आत जातं.
काका पिंपळाखाली उभा राहायचा,
आपल्या हाताचं काम
आपल्याशिवाय पायऱ्या चढताना बघत.

"बेळगावला भरतीत
छाती मोजणाऱ्यानं टेप लावताना हात लावला.
दोनदा. पहिल्यांदा माप चुकलं म्हणून.
जातीचा रकाना तिथेही होता, नाही कशाला म्हणू?
पण जेवून झालं की सगळ्यांची ताटं
एकाच टबात बुडायची."

मग बराच वेळ नुसता कोयता.

"एकसष्टात पाकले गेले,
दोडामार्गाकडून फौज उतरली.
एक जवान, धुळीनं माखलेला, आमच्याच दारात.
पाणी म्हणाला.
आई म्हणाली, बाबा, वरच्या वाड्यावर जा.
त्याला भाषा कळेना.
ती हातानं दाखवते, वर, तिकडे, तिकडे.
त्यानं तो हात बाजूला केला, तांब्या उचलला,
तोंड लावून प्यायला.
आम्ही कोण ते त्याला कळलं होतं का,
यावर मी किती वर्षं घालवली.
बहुतेक नव्हतंच कळलं.

पण प्यायला."

पेन सुकत चाललं होतं.
"काका, देशासाठी, असं लिहू?"

"लिही. खोटं नाही ते.
आणि विचार त्यांना, सत्काराच्या दिवशी
सुपं किती हवीत,
आणि कुठवर आणून ठेवायची."