डाळीतल्या शिरा

मशीन परत आलं ते लखलखीत होऊन.
राखेनं, लिंबानं, तारेनं घासलेलं.
तिथंच मला शंका आली.
उडदाच्या डाळीसाठी कुणी एवढं घासत नाही.

"जाम होतंय हो तडवीताई," कुमुदवहिनी म्हणाल्या,
"अर्ध्यावर हँडलच फिरेना.
डाळीचा नुसता लगदा."

दुपारचे तीन. भुसावळचा मे.
पंखा पत्र्याची ऊब खाली वाटत होता.
ओट्यावर जुना पेपर अंथरला,
पुढचं कडं फिरवायला गेले तर घट्ट.
(कडं हातानं आवळायचं, पान्यानं नाही,
हे सुभान लोको शेडमधून शिकून आला
आणि अजून मलाच शिकवतो.)
शेंगदाणा तेलाचे दोन थेंब,
जरा दम,
खुट्.

जाळी निघाली. मागं पातं, उलटं बसवलेलं.
चपटी बाजू आत, पाठ जाळीला.
असं पातं कापत नाही, चेंगरतं.
तेही काढलं,
तर मळसूत्राच्या मानेला
तीन वेढे घालून बसलेली
पांढरी, चिवट, आंबाडीच्या दोऱ्यासारखी
शीर.

मी वहिनींकडे पाहिलं नाही.
त्यांच्या घरात अंड्याचं नाव निघालं
तरी देव्हाऱ्याचा पडदा ओढतात.
पण सोनजीआप्पांचे उरलेसुरले दात मार्चमध्ये काढले,
आणि आप्पा तेहतीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
खंडव्याच्या, इटारसीच्या रनिंग रूममध्ये
ते काय वरण-भात जेवले असतील?

दाभणानं शीर सोडवली, पेपरात गुंडाळली.
काचेवर पॉलिश पेपर ठेवून
पातं आठाच्या आकड्यात घासलं,
पुसलं, खिडकीतल्या उन्हात वाळवलं,
सगळ्या अंगावरून तेलाचं बोट फिरवलं.

"बघा वहिनी, चपटी बाजू जाळीकडे.
लिंबू नको, बिडाला गंज चढतो.
आणि डाळ आधी अर्धा तास बर्फात ठेवा,
या उन्हाळ्यात डाळीची चरबी
पात्यावर पोचायच्या आत वितळते."

वहिनी कान देऊन ऐकत होत्या,
पोथी ऐकावी तशा.
मग नखानं ओट्यावरचा डाग खरवडत,
"आणि शिरा?"

"त्या सुरीनं आधीच काढायच्या.
डाळीच्या."

मशीन पदराखाली घेऊन त्या निघाल्या.
जिन्यात कुणाची तरी पावलं,
आणि लगेच वहिनींचा आवाज,
कुणी काही विचारलं नसताना:
"डाळ हो, डाळ."